‘यकृत वाढले’ या नोंदीखालचे मृत्यू

१६३२ साली लंडनमध्ये कोण कशाने मेले, याची छापील यादी जॉन ग्रॉन्टच्या ग्रंथात आहे. तीत ‘लिव्हरग्रोन’, म्हणजे यकृत वाढून, ८७ मृत्यू दाखवले आहेत. त्याच पानावर कावीळ ४३, जलोदर व सूज २६७, पोटफुगी १३ आणि गुंगी २ अशाही नोंदी आहेत. यकृत निकामी झालेल्या रोग्याला कावीळ होते, पोटात पाणी साठते, शेवटी शुद्ध हरपते. त्यामुळे असा माणूस त्या वर्षी यांपैकी कोणत्याही नोंदीत जाऊन पडला असेल. पण म्हणून या आकड्यांची बेरीज करता येत नाही. जलोदर हृदय आणि मूत्रपिंड बिघडल्यानेही होतो, आणि ‘लिव्हरग्रोन’मध्ये कोण होते हे तर वेगळेच प्रकरण आहे.

आधी ही नोंद व्हायची कशी, ते पाहू. ग्रॉन्टनेच तो क्रम लिहून ठेवला आहे. मृत्यूची घंटा वाजली किंवा थडगे खणायला सांगितले गेले, की शपथ घेतलेल्या वृद्ध स्त्रिया प्रेतापाशी जात. त्यांना ‘सर्चर’ म्हणत. त्या प्रेत बघत, घरच्यांकडे चौकशी करत आणि कारण पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या विभागाच्या, कारकुनाला सांगत. कारकून मंगळवारी रात्री आठवड्याचा हिशेब पोचवी, बुधवारी तो एकत्र करून पत्रक म्हणून छापला जाई आणि गुरुवारी वर्षाला चार शिलिंग भरणाऱ्या कुटुंबांना मिळे. या साखळीत वैद्याला ठरलेली जागा नव्हती. पैसे दिले तर नोंद बदलते, हेही ग्रॉन्टला ठाऊक होते. गुप्तरोगाने मेलेला माणूस दुप्पट फी घेऊन क्षयाखाली नोंदवला जातो, असे तो स्पष्ट लिहितो.

ग्रॉन्ट शिवणकामाचे किरकोळ सामान विकणारा व्यापारी. त्याचा ग्रंथ १६६२चा. १६६६च्या आगीत पॅरिश कारकुनांची इमारत जळाली, त्यामुळे जुन्या पत्रकांतले आकडे बऱ्याच अंशी त्याच्या तक्त्यांतूनच आपल्यापर्यंत आले आहेत. त्याला दिसले ते असे: ‘रिकेट्स’, म्हणजे मुडदूस, हे नाव पत्रकात प्रथम १६३४ साली येते, १४ मृत्यूंसह. रोग नवा आला की जुन्याच रोगाला नाव नवे मिळाले? या एका प्रश्नासाठी त्याने पत्रके मागेपुढे चाळली. मुडदुसाच्या सर्वांत जवळची जुनी नोंद ‘लिव्हरग्रोन’ची. काही वर्षी तर यकृत, प्लीहा आणि मुडदूस एकाच ओळीत घातलेले होते.

नुसते नाव बदलले असते, तर ‘लिव्हरग्रोन’ तेवढ्याच संख्येने उतरायला हवे होते. पण १६३३ साली ते ८२ आणि १६३४ साली ७७. १६३६ साली मुडदूस ५० झाला, तरी ‘लिव्हरग्रोन’ ९९ होतेच. म्हणून ग्रॉन्टने निकाल दिला की रोग नवा. त्याच वेळी विरुद्ध जाणारा पुरावा त्याने झाकला नाही. १६५८ साली मुडदूस ४७६, ‘लिव्हरग्रोन’ ५१. १६५९ साली ४४१ आणि ८. १६६० साली ५२१ आणि १५. दोन्हींची गल्लत झाली असेल हे तो मान्य करतो. पण ‘लिव्हरग्रोन’ने शंभरी ओलांडली ती एकदाच, १६३० साली, आणि १६६०ची दोन्हींची बेरीज ५३६ भरते, यावर तो बोट ठेवतो.

माझ्या मते गल्लत त्याने मानली त्याहून मोठी होती. मुडदूस झालेल्या मुलाचा बरगड्यांचा पिंजरा बिघडतो, पोट पुढे येते आणि न वाढलेले यकृतही खाली सरकून हाताला लागते. प्रेत वरून बघणाऱ्या बाईने त्याला ‘यकृत वाढले’ म्हणावे, यात नवल नाही. म्हणजे त्या ८७ जणांपैकी पुष्कळांचे यकृत धड असण्याचा संभव आहे. आणि मुडदुसाचे वाढीव मृत्यू फक्त ‘लिव्हरग्रोन’मधूनच आले असे तरी का मानावे? १६३२च्या यादीत तान्ही बाळे २२६८ आहेत, दात येण्याने गेलेली ४७०. या मोठ्या नोंदींतूनही काही मुले इकडे आली असतील. याच काळात वैद्य फ्रान्सिस ग्लिसनचा मुडदुसावरचा ग्रंथ आला, १६५० साली, आणि त्याच ग्लिसनचे यकृताच्या रचनेवरचे पुस्तक १६५४ साली. ग्रॉन्टच्या आकड्यांत मुडदूस १६५० साली १९०, पुढच्या वर्षी २६०, त्यापुढे ३२९ असा चढतो. वैद्यांनी नाव पक्के केल्यावर नोंदही त्या नावाकडे वळली असावी, इतके हा कालक्रम सुचवतो.

कागदावर कोणते नाव लिहिले जाते त्यावर नोंद ठरते, हे आजही खरे आहे. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत यकृत निकामी होण्याला के ७२ हा संकेतांक आहे: तीव्र असेल तर के ७२.०, जीर्ण असेल तर के ७२.१, काहीच स्पष्ट केले नसेल तर के ७२.९. दारूमुळे झाले असेल तर ते के ७०.४ मध्ये जाते, औषधामुळे किंवा विषारी द्रव्यामुळे असेल तर के ७१ मध्ये. संकेतांक देणारा रोग्याला पाहत नाही, तो डॉक्टरांचा कागद पाहतो. आपल्याकडच्या मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, नमुना ४ मध्ये, पहिल्या ओळीखाली मूळ कारणासाठी ओळी ठेवलेल्या आहेत. डॉक्टरांनी पहिल्या ओळीत ‘यकृत निकामी’ लिहून थांबू नये. हिपॅटायटिस बी, दारू, औषध, जे कारण असेल ते खालच्या ओळीत लिहावे.