पुंगळी, पावसाळा आणि काकूवरचा आळ

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट पितळेची आहे, आणि ती सुरू होते आमच्या सिन्नरच्या घरातल्या एका भांडणापासून.

आजीच्या लग्नातली एक पितळी कळशी होती. घरात स्टील आलं तशी ती गोठ्यात गेली, पेंड ठेवायला. काही वर्षांनी तिच्या गळ्याला सरळ, बारीक भेग दिसली. कुठे पोचा नाही, आपटल्याची खूण नाही. तरी आजी म्हणाली, "हिनंच पाडली." हिनं म्हणजे काकूनं. काकू म्हणत राहिली, "नाही हो आत्याबाई, मी हातसुद्धा लावला नाही." कुणी ऐकलं नाही.

मी हे विसरलोही होतो. मग एका रात्री यूट्यूबवर एक व्हिडिओ दिसला. अमेरिकेतला एक माणूस घरी बसून काडतुसांच्या पुंगळ्या धूत होता. पुंगळी म्हणजे गोळी उडाल्यावर मागे उरतं ते पितळी नळकांडं. तिकडे नेमबाजीचे शौकीन ती साफ करून पुन्हा भरतात.

पद्धत सोपी आहे. फिरत्या ड्रममध्ये पुंगळ्या, पाणी, भांडी घासायचा साबण, चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड आणि स्टीलच्या बारीक पिना टाकायच्या. ड्रम हळूहळू दोन-तीन तास फिरतो. पिना आतल्या कोपऱ्यापर्यंत जाऊन काजळी खरवडतात, अ‍ॅसिड काळपटपणा काढतं. पाण्यात धुतल्यामुळे शिशाची विषारी धूळ हवेत उडत नाही, पण ते पाणी मात्र विषारी होतं. आपल्या माळेगाव एमआयडीसीत काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. मशीनच्या पार्टची धार काढायला असेच ड्रम फिरतात. आणि अ‍ॅसिडचं काम आपल्या घरी चिंच करतेच की!

त्या व्हिडिओत एक गोष्ट ठासून सांगितली होती: अमोनिया असलेलं क्लीनर पितळेला लावू नका. का? याचं उत्तर शोधत गेलो आणि थेट भारतातल्या पावसाळ्यात पोचलो.

जरा मागे जाऊ. 1857 च्या उठावातली ती चरबीची काडतुसं आठवतात? ती कागदी होती, दातानं फाडायची. पुढच्या काही वर्षांत कागद गेला आणि पितळ आलं. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, म्हणजे याच काळातला. पितळच का? तर बार उडाला की पुंगळी क्षणभर फुगते, बंदुकीचं तोंड मागून गच्च बंद करते आणि लगेच आकसून मोकळी होते. त्यासाठी साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असं मिश्रण वापरतात. पण ही पुंगळी थंड धातू ओढून, ताणून बनते. तो ताण आतमध्ये तसाच राहतो, ताणून धरलेल्या रबरासारखा.

आता पावसाळा. ब्रिटिश फौजांच्या हालचाली मंदावायच्या आणि काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये साठवून ठेवली जायची. पाऊस संपल्यावर पेट्या उघडल्या की अनेक पुंगळ्यांना भेगा! विशेषतः जिथे पुंगळी गोळीला आवळून धरते तिथे. कुणी पाडलं नाही, कुणी ठोकलं नाही. या प्रकाराला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. सीझन म्हणजे आपला पावसाळा.

कोडं उलगडलं 1921 मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी सांगितलं की गुन्हेगार आहे घोड्यांचं मूत्र. त्यातून अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेवर बसतो आणि जिथे आत ताण आहे तिथेच धातू चिरत जातो. नुसता ताण किंवा नुसता अमोनिया असता तर असं चिरलं नसतं. दोन्ही एकत्र आले की भेग. उपायही सापडला: पितळ बनवल्यावर साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसला तापवून आतला ताण सैल करायचा.

हे वाचलं आणि मला कळशी आठवली. ठोकून घडवलेलं पितळ. गोठा. गोमूत्र. पावसाळे.

कळशी कधीच मोडीत गेली, त्यामुळे तपासून सिद्ध करता येणार नाही. आजीही आता नाही. मी काकूला फोन करून सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, हे तेव्हा सांगायला हवं होतंस की."

जाता जाता दोन गोष्टी. एक, काडतुसं घरी भरण्याचा प्रयोग आपल्याकडे नकोच. शस्त्र कायदा, 1959 नुसार विनापरवाना काडतुसं बनवणं गुन्हा आहे. एनसीसी कॅम्पमध्ये आमच्या फायरिंगनंतर पुंगळ्या मोजून परत घेतल्या जायच्या, एक कमी पडली की सगळे गवतात शोधायला. दुसरी, घरातली समई, तांब्या चिंचेनं घासा, स्वच्छ धुवा, कोरडं पुसा. काच पुसायच्या काही स्प्रेमध्ये अमोनिया असतो, तो लांब ठेवा. गोठ्यात तर पितळ नकोच.

आणि कुणाच्या घरी एखादं भांडं न पडता तडकलं असेल, तर आळ घेण्याआधी हा एपिसोड ऐकवा. भेटू पुढच्या वेळी!