लोणार विवराचे वय आणि सरळ रेषेचे समीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेले, सुमारे १.८ कि.मी. व्यासाचे विवर होय. स्थानिक परंपरा त्याचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडते. पूर्वी काही अभ्यासक त्यास ज्वालामुखीजन्य मानीत. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन व सहकाऱ्यांच्या संशोधनाने उल्काघाताचे मत दृढ झाले. तथापि विवर केव्हा निर्माण झाले, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर आलेखावरील सरळ रेषेपर्यंत कसे पोहोचले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रेषेचे गणित :
सरळ रेषेचे समीकरण य = म क्ष + क असे लिहितात. येथे 'म' हा चढ व 'क' हा य-अक्षावरील आंतरछेद होय. (१, ५) व (३, ९) या बिंदूंसाठी चढ (९ – ५) ÷ (३ – १) = २ येतो. ५ = २ × १ + क, म्हणून क = ३; समीकरण य = २क्ष + ३. दोन भिन्न बिंदूंतून रेषा नेहमीच जाते. रेषेची खरी परीक्षा तिसरा बिंदू घेतो. (४, ११) हा बिंदू त्या परीक्षेत उतरतो. प्रत्यक्ष मोजमापात बिंदू किंचित इकडेतिकडे पडतात. अशा वेळी सर्वांत जुळणारी रेषा काढण्याची न्यूनतम वर्ग पद्धती लेजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली.

लोणारचे दोन आकडे :
१९९७ मध्ये सेनगुप्ता, भांडारी व वातानाबे यांनी उष्मादीप्ती पद्धतीने विवराचे वय ५२,००० ± ६,००० वर्षे काढले. २०११ मध्ये जूर्दां व सहकाऱ्यांनी आघाताने वितळलेल्या खडकातील आर्गॉन समस्थानिकांची गुणोत्तरे आलेखावर मांडली. या आलेखात रेषेचा एका अक्षावरील छेद खडकात अडकलेल्या मूळ आर्गॉनचे प्रमाण दाखवितो, तर दुसऱ्या अक्षावरील छेदावरून वय मिळते. मूळ खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असल्याने त्यातील जुना आर्गॉन शिल्लक राहिल्यास वय फसवे येऊ शकते. अडकलेल्या आर्गॉनचे प्रमाण गृहीत न धरता ते बिंदूंवरूनच ठरविता येते, हे या पद्धतीचे बलस्थान होय. त्यातून ५,७०,००० ± ४७,००० वर्षे हे वय निष्पन्न झाले.

निष्कर्ष :
हा फरक दहापटींहून अधिक आहे. पहिला आकडा मानल्यास आधुनिक मानव त्या काळी पृथ्वीवर होता. दुसरा मानल्यास आधुनिक मानवाचे ज्ञात अवशेष त्यानंतरचे ठरतात. अर्थात, पुराणकथेत उल्काघाताची मानवी स्मृती शोधणाऱ्या तर्काचा आधार दुसऱ्या आकड्याने निखळतो. कथेचे सांस्कृतिक मोल त्यामुळे उणावत नाही. मात्र तिला कालगणनेचे साधन मानता येणार नाही. म्हणून लोणारचा इतिहास शिकविताना ५० हजार वर्षांचा आकडा केवळ परिचयाचा म्हणून न सांगता, दोन्ही आकडे त्यांच्या पद्धतींसह विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे.