स्वप्न ओळखा, नाहीतर मरा! बायबलमधल्या राजापुढे विद्वान का हरले?

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. इथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. साध्या बायकांनाही वाचून कळावं, हा त्यांचा हेतू होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं आणि १९२४ मध्ये हे बायबल प्रसिद्ध झालं.

रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या होत्या १८७८ मध्ये, कलकत्त्याच्या विद्वानांकडून. पण त्यांनी मराठीत आणलेल्या या ग्रंथात विद्वानांची मती गुंग होण्याचे दोन मोठे प्रसंग आहेत. दोन्ही वेळी कारण एकच: राजाचं स्वप्न.

बाबेलचा राजा

दानीएलच्या पुस्तकात राजा नबुखद्नेस्सर ज्योतिषी आणि ज्ञानी लोकांना बोलावतो. त्याची अट विचित्र असते. अर्थ नंतर, आधी मला काय स्वप्न पडलं ते तुम्हीच सांगा! यामागे हिशोब होता. अर्थ कुणीही रचून सांगेल, स्वप्न कसं रचणार? हे माणसाच्या आवाक्यातलं नाही, असं ते कबूल करतात. राजा चिडून सगळ्या ज्ञानी लोकांना ठार मारायचा हुकूम देतो. त्यात तरुण दानीएलही येतो.

दानीएल मुदत मागून घेतो, मित्रांसोबत प्रार्थना करतो आणि रात्री त्याला उलगडा होतो. स्वप्नात एक पुतळा होता: डोकं सोन्याचं, पावलं मात्र लोखंड आणि मातीची. एक दगड येऊन तो पावलांपासून चुरा करतो. अर्थ असा, की राज्यं येतात आणि जातात. दानीएल राजाला स्पष्ट सांगतो, की मी इतरांपेक्षा शहाणा आहे म्हणून हे मला कळलेलं नाही, हे देवाने दाखवलं.

मिसरचा फारो

उत्पत्तीच्या पुस्तकात फारोला सात धष्टपुष्ट गाई आणि त्यांना गिळणाऱ्या सात रोड गाई दिसतात. दरबारी ज्ञानी गप्प बसतात. तुरुंगातून आणलेला योसेफ अर्थ सांगतो: सात वर्षं सुकाळ, मग सात वर्षं दुष्काळ. श्रेय तोही देवालाच देतो.

मग शहाणपण फुकट का?

नाही. योसेफ अर्थ सांगून थांबत नाही. सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा साठवा, असा व्यवहारी सल्लाही देतो. उलट, प्रत्येक स्वप्न खरं मानू नका, असंही बायबल बजावतं. स्वप्नांच्या नावाखाली लोकांना फसवणाऱ्यांवर यिर्मया संदेष्टा कडक टीका करतो.

थोडक्यात, या गोष्टींमध्ये दोष बुद्धीला नाही, तिच्या घमेंडीला आहे. दानीएलने पुढे काय केलं, तेही पाहा. राजाकडे जाण्याआधी त्याने हरलेल्या विद्वानांना मारू नका, अशी विनंती केली.