हातांची टंचाई आहे कुठे?

आफ्रिकेतल्या खेड्यात दोन आठवडे राहून, शाळा रंगवून येणाऱ्या मुलामुलींचं हल्ली आपल्याकडे फार कौतुक होतं. केनिया परवडत नसेल त्याला मुंबईहून मांडव्याची रो-रो बोट आहे. शनिवारी अलिबागजवळच्या एखाद्या वाडीत भिंती रंगवायच्या, रविवारी परत. दोन्हीकडे गृहीत एकच: खेड्याला हात कमी पडतात, तेव्हा ज्याला सवड आणि कळकळ आहे त्याने जाऊन ते पुरवावेत. कळकळीबद्दल वाद नाही. गृहीतच चूक आहे.

अलिबागचा खारेपाट घ्या. इथली भातशेती उधाणाचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधांवर टिकून आहे. एका बांधाच्या आसऱ्याने कसणाऱ्या शेतकऱ्यांचा मिळून जोळ असे. बांधाला खांड गेली की घरटी माणूस हजर. ओहोटी लागली की गुडघाभर गाळात रांग, चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात, आणि पुढची भरती चढायच्या आत खांड बुजलेली. बाहेरचा उत्साही तरुण त्या रांगेत उभा राहिला तर लोक त्याला हसून बाजूला करतील, कारण त्याच्यापाशी गोळा अडतो. पुढे बांध सरकारच्या ताब्यात गेले, जोळ विस्कटले, डागडुजी रखडू लागली. हात होते तिथेच होते.

याच खारेपाटात १९३३ साली चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. जमिनी पडीक ठेवल्या, लाकूडफाटा विकून पोट भरलं, आणि १९३९ पर्यंत माघार घेतली नाही. पुढारी नारायण नागू पाटील इथलेच. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले ते बांधावर माती टाकायला नव्हे. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. चरीच्या शेतकऱ्याला सहा वर्षं अर्धपोटी तग धरता येत होता. त्या सभागृहात उभं राहता येत नव्हतं. पाहुण्याने नेमकं तेवढंच उचललं.

कुणी म्हणेल, ते आंबेडकर होते. बरं, मग जून २०२०चं निसर्ग वादळ पाहा. रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. ताडपत्र्या आणि धान्य घेऊन गाड्या आल्या. त्यांचा उपयोग झाला, हे मान्यच. पण खरी अडचण भरपाईच्या हिशेबात होती. मदत हेक्टरी जाहीर झाली, आणि इथल्या वाड्या गुंठ्यांत, त्यातही भाऊबंदकीत वाटलेल्या. दोन-चार गुंठ्यांत दाटीने लावलेल्या पोफळींना हेक्टरी दराने कितीसं मिळणार? बागायतदारांनी ओरड केल्यावर दर झाडामागे ठरला: नारळाला २५० रुपये, पोफळीला ५०. रक्कम तुटपुंजीच, पण हिशेबाची रीत बदलली. असं त्रैराशिक मांडून मंत्रालयात ठाण मांडणारा पाहुणा मिळाला, तर दहा रंगाऱ्यांची उणीव भासणार नाही.

हातांपलीकडचं काही देणारा पाहुणा याच जिल्ह्यात होऊनही गेला. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर जालन्याकडचे, म्हणजे बाहेरचेच. (पगारी होते, हा आक्षेप घ्यायचा तर घ्या.) विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या, त्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला.

बाहेरच्याने येऊच नये, हे दुसरं टोकही मला पटत नाही. १९६८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत आलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांना सरळ सांगितलं की घरी जा. भाषण जोरकस होतं. पण बोलणारा गृहस्थ व्हिएन्नात जन्मलेला, आणि मेक्सिकोत बिऱ्हाड करून बसलेला. परकेपण हा दोष असता तर पहिला बाडबिस्तरा त्यांनाच गुंडाळावा लागला असता. मला ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स अधिक जवळचे वाटतात. बाहेरचे लोक डांबरी रस्त्यालगतचं गाव पाहतात आणि कोरड्या ऋतूत पाहतात, हे त्यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं. अलिबागला येणाऱ्यांची गर्दी डिसेंबरात असते. खांडी जातात पावसाळ्यातल्या उधाणाला, तेव्हा मांडव्याच्या लाँचही बंद असतात.