जुन्या सुराचें ऋण

जुनें तें सोनें, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु जुन्या वस्तूला सोन्याचें मोल येण्यापूर्वीं ती बहुधा अडगळींत पडलेली असते, आणि तिच्यावरील धूळ पुसणारा कोणी तरी पुढें यावा लागतो. मग धूळ पुसणाराचें नांव होतें. वस्तु घडविणाराचें नांव मात्र कित्येकदां विसरलें जातें. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत १९९७ सालीं निघालेल्या 'द व्हाइट स्ट्राइप्स' या वाद्यवृंदाची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे. १९६० नंतरच्या दशकांतील रॉक संगीत या वृंदानें पुन्हा जिवंत केलें, असें सांगितलें जातें. तें खरें आहे. पण तें संगीत तरी मूळचें कोणाचें, हें पाहिल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं.

रॉक संगीताचें एक प्रमुख मूळ मिसिसिपी राज्यांतील कापसाच्या मळ्यांत सांपडतें. तेथें राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांच्या 'ब्लूज' नामक गाण्यांतून पुढें शहरी नृत्यसंगीत निर्माण झालें, आणि १९५० नंतर तें 'रॉक अँड रोल' या नांवानें गाजलें. तबकड्यांच्या द्वारें तें इंग्लंडांत पोंचलें. तेथील तरुणांनीं तें आत्मसात् केलें आणि अमेरिकेलाच परत ऐकविलें. ९ फेब्रुवारी १९६४ रोजीं लिव्हरपूलच्या बीटल्स मंडळींचें वादन अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुमारें ७ कोटी ३० लक्ष लोकांनीं पाहिलें, आणि गांवोगांवचीं मुलें गिटार घेऊन घरच्या मोटारीच्या गॅरेजमध्यें जमूं लागलीं. त्यांच्या ओबडधोबड पण जोमदार वादनाला पुढें 'गॅरेज रॉक' हें नांव मिळालें. यांपैकीं पुष्कळ वृंद एकदोन तबकड्या काढून लोपले. १९७२ सालीं लेनी के यानें अशा वृंदांचीं २७ गाणीं 'नगेट्स' या नांवानें एकत्र केलीं, तेव्हां पुढच्या पिढीच्या हातीं जणू एक क्रमिक पुस्तकच पडलें.

त्याच १९६४ सालीं, जून महिन्यांत, दुसरी एक घटना घडली. जुन्या ब्लूजचा शोध घेत हिंडणारे तीन तरुण न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहरीं सन हाउस या वृद्ध गवयाच्या दारीं जाऊन पोंचले. त्याचा जन्म मिसिसिपींतला, १९०२ सालचा. १९३० मध्यें पॅरामाउंट कंपनीनें विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन येथें त्याचीं गाणीं मुद्रित केलीं होतीं. परंतु तो मंदीचा काळ, तबकड्या खपल्या नाहींत. १९४१ व १९४२ मध्यें लोकगीतसंग्राहक ॲलन लोमॅक्स यानें त्याचें गाणें पुन्हा टिपून घेतलें. त्यानंतर सन हाउस उत्तरेकडे गेला, रेल्वेंत नोकरीला लागला, आणि कालांतरानें गिटार बाजूला पडली. शोध लागला तेव्हां त्याला स्वतःचींच गाणीं धड आठवत नव्हतीं. मग ॲलन विल्सन नांवाच्या विशीच्या आसपासच्या एका गोऱ्या तरुणानें, जुन्या तबकड्यांवरून शिकलेलीं तीं गाणीं त्याच्यासमोर बसून वाजविलीं, आणि गुरूनें आपलीच विद्या शिष्याकडून परत घेतली. १९६५ सालीं कोलंबिया कंपनीनें त्याचें गायन नव्यानें प्रसिद्ध केलें. अखेरचीं वर्षें त्यानें डेट्रॉइट येथें काढलीं आणि तेथेंच १९८८ सालीं तो निवर्तला. त्याच्या थडग्यावर स्मारक उभारण्यासाठीं तेथील ब्लूजप्रेमी मंडळींना जलसे करून पैसा जमवावा लागला.

त्याच शहरांत त्या वेळीं तेरा वर्षांचा एक मुलगा वाढत होता. जॅक व्हाइट हें त्याचें पुढें प्रसिद्धीस आलेलें नांव. डेट्रॉइट हें मोटारींचें शहर. १९५० मध्यें तेथें सुमारें १८.५ लक्ष वस्ती होती, ती २००० सालीं सुमारें ९.५ लक्षांवर आली. या ओसरत्या शहरांत जॅक कोच-खुर्च्यांना नवें कापड चढविण्याचा धंदा शिकला. पुढें मेग व्हाइट हिच्या साथीनें त्यानें वाद्यवृंद काढला. मेग ड्रम वाजवी, जॅक गिटार वाजवून गाई. तिसरें माणूस नाहीं, मंद्र सुराची बेस गिटारही नाहीं. १९९९ सालचा पहिला संग्रह त्यांनीं सन हाउसच्या स्मृतीस अर्पण केला, आणि २००० सालच्या दुसऱ्या संग्रहांत त्याचें 'डेथ लेटर' हें गाणें घेतलें.

२००१ नंतर या दोघांची कीर्ति देशोदेशीं पसरली. २००३ सालीं त्यांचा 'एलिफंट' हा संग्रह निघाला. त्याचें बहुतेक मुद्रण लंडन येथील टो रॅग स्टुडिओंत, आठ पट्ट्यांच्या टेपवर, बहुतांशीं १९६३ पूर्वींच्या यंत्रांवर झालें. संगणक कोठेंही वापरला नाहीं, असें संग्रहाबरोबरच्या टिपणांत मुद्दाम नमूद केलें होतें. हा केवळ लहरीपणा नव्हता, हें श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें. संगणकावर चूक मागाहून पुसतां येते, एकावर एक हवे तितके सूर चढवितां येतात. आठच पट्ट्या असल्या म्हणजे काय वाजवावयाचें हें आधीं ठरवावें लागतें, आणि वाजविलेल्याची जबाबदारी घ्यावी लागते. जुन्या गवयांना ही मर्यादा परिस्थितीनें घातली होती; या तरुणांनीं ती स्वेच्छेनें स्वीकारली. याच संग्रहांतील 'सेव्हन नेशन आर्मी' या गाण्याची धून २००६ च्या विश्वचषकाच्या वेळीं इटलीचे फुटबॉलप्रेमी हजारोंच्या संख्येनें गात होते.

येथें एक आक्षेप घेतला जातो. कृष्णवर्णीयांच्या दुःखांतून उपजलेलें गाणें गोऱ्या तरुणांनीं गावें, आणि धन व मान त्यांनाच मिळावा, हा न्याय कोणता? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. सन हाउसच्या पहिल्या तबकड्या ज्या काळांत पडून राहिल्या, तो काळ कोणत्याही गौरवानें परत येत नाहीं. परंतु उसनें घेणें आणि चोरणें यांत अंतर आहे. आपल्याकडे गवई गुरूचें नांव घेतांना कानाच्या पाळीला हात लावतो. विद्या आपली एकट्याची नव्हे, अशी ती कबुली असते. पहिल्याच संग्रहावर सन हाउसचें नांव घालून या वृंदानें तशीच कबुली दिली होती, आणि तीही कीर्ति मिळण्यापूर्वीं.

वृंद २०११ सालीं विसर्जित झाला. कबुली मात्र तेथें संपली नाहीं. पॅरामाउंट ही मूळची खुर्च्या करणाऱ्या एका कारखान्याची शाखा. ग्रामोफोनच्या पेट्या बनवितां बनवितां तो कारखाना तबकड्यांच्या व्यापारांत शिरला होता. खुर्च्यांना कापड चढविणाऱ्या जॅकनें काढलेल्या थर्ड मॅन कंपनीनें रेव्हनंट या संस्थेच्या सहकार्यानें २०१३ सालीं पॅरामाउंटच्या जुन्या गाण्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, आणि १९२८ ते १९३२ या कालखंडाचा दुसरा भाग २०१४ सालीं आणला. जुन्याचें पुनरुज्जीवन म्हणजे जुना पोशाख अंगावर चढविणें नव्हे. आपण गातों तें गाणें आपल्या आधीं कोणी गाइलें, हें स्वतः जाणणें आणि ऐकणारालाही जाणूं देणें, यांतच त्याची सार्थकता आहे.