दिसणारी पेटी, दडलेली पेटी

इंग्लंडमधील रस्त्यावरच्या टपालपेटीच्या जन्माशी एका कादंबरीकाराचे नाव जोडलेले आहे, हे आपल्या वर्गांतून क्वचितच सांगितले जाते. अँथनी ट्रोलप हा टपालखात्यात अधिकारी होता. त्याच्या शिफारशीवरून १८५२ मध्ये जर्सी बेटावर रस्त्याच्या कडेला लोखंडी पेट्या उभ्या राहिल्या आणि पुढच्याच वर्षी त्या ब्रिटनच्या मुख्य भूमीवर आल्या. १८४० च्या पेनी पोस्टने पत्र स्वस्त केले होते. या पेट्यांनी ते टाकणे सोपे केले. मध्यंतरी त्यांना हिरवा रंग देण्यात आला, परंतु त्या लोकांच्या चटकन नजरेस पडेनात. म्हणून १८७४ पासून लाल रंग आला. कोणालाही, विनासायास दिसणे हा या पेटीचा धर्म.

नेमक्या याच काळात, १८५४ मध्ये, नैर्ऋत्य इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात उलट धर्माच्या एका पेटीची सुरुवात झाली. स्थळ होते डार्टमूरचे पठार. आपल्याकडील वाचकांना ते बहुधा कॉनन डॉयलच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'मुळे ठाऊक असते: ग्रॅनाइटचे उघडे सुळके, अकस्मात उतरणारे धुके आणि पाय रुतवणारी दलदल. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या पाहुण्यांना या पठारावर हिंडवीत असे. पठाराच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल नावाची जागा आहे. ती नावापुरतीच तळे. प्रत्यक्षात काळ्या, भुसभुशीत मातीतला एक खळगा. पाहण्यासारखे तेथे फारसे काही नाही. तेथवर पोचणे हीच मातब्बरी. पेरटने तेथे एक बाटली ठेवली. जो पोचेल त्याने तीत आपले भेटकार्ड टाकावे, असा प्रघात पडला. कार्डे पाहुण्यांची होती, वाट मात्र पेरटची होती. आणि इतिहासाने लक्षात ठेवले ते वाटाड्याचेच नाव.

पुढे बाटलीच्या जागी १८८८ मध्ये पत्र्याची पेटी आली, १९०५ मध्ये तीत सह्यांची वही आली आणि १९३७ मध्ये दगडी पेटी बांधली गेली. दरम्यान आणखी एक रिवाज रुजला. आलेला माणूस स्वतःचा पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड पेटीत ठेवी आणि त्यानंतर येणारा अनोळखी माणूस ते परत नेऊन टपालात टाकी. आपले कार्ड घरी आले म्हणजे समजावे की आपल्यामागून कोणीतरी तेथवर पोचले. या छंदाला 'लेटरबॉक्सिंग' हे नाव पडले ते यातून. ट्रोलपच्या पेटीमागे सरकारी यंत्रणा होती. या पेटीमागे होता केवळ पुढच्या वाटसरूवरचा विश्वास.

आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा बदल. पेरटची बाटली लपवलेली नव्हती. लपलेली होती ती जागा. विल्यम क्रॉसिंग याने १९०९ मध्ये डार्टमूरची सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि वाटा लिखित झाल्या. याच क्रॉसिंगच्या स्मरणार्थ १९३८ मध्ये पठाराच्या दक्षिण भागात, डक्स पूल येथे, एक पेटी बसविण्यात आली. नकाशे, रस्ते आणि मोटारी वाढल्या तशी जागेची दुर्गमता ओसरत गेली. मग दुर्गमता निर्माण करावी लागली, आणि ती निर्माण केली भाषेने. १९७० च्या दशकापर्यंत मोजक्याच असलेल्या पेट्या त्यानंतर हजारांच्या घरात गेल्या. पेटीत एक वही आणि बहुधा हाताने कोरलेला रबरी शिक्का. पेटी एखाद्या खडकाखालच्या पोकळीत. आणि तिची वाट सांगणारा संकेत: अमुक सुळका अमुक अंशावर दिसेल तेथे उभे राहा, तेथून इतकी पावले चाला. शोधणाऱ्याने पेटीतला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का पेटीतल्या वहीत उठवायचा आणि पेटी होती तशी पुन्हा दडवायची. शंभर पेट्या शोधणाऱ्यांचे '१०० क्लब' नावाचे मंडळही निघाले.

संकेत रचणारा हा एक प्रकारे लेखकच असतो. संकेत फार उघड असेल तर शोधाला अर्थ उरत नाही; फार गूढ असेल तर पेटी नसल्यातच जमा. दुर्बोधतेवरील आपल्या वादांत, कठीण लिहिणारा वाचकाला नाकारतो असे गृहीत धरले जाते. या पेट्यांचा इतिहास वेगळे सांगतो: येथे लपवणारा प्रत्येक जण सापडण्यासाठीच लपवतो आणि येणाऱ्यासाठी कोरी पाने ठेवून जातो.

मात्र या खेळाची किंमत पठाराला मोजावी लागण्याचा धोका होता. डार्टमूर १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथे कांस्ययुगीन वस्त्यांचे व दफनस्थळांचे अवशेष जागोजागी विखुरलेले आहेत. पेटीच्या शोधात कोणी दगड उपसू लागला तर हजारो वर्षांचा पुरावा एका दुपारी नष्ट व्हायचा. म्हणून आचारसंहिता आली: प्राचीन अवशेषांत, दगडांच्या राशींत वा भिंतींत पेटी ठेवू नये; सिमेंट वापरू नये. लपवणाऱ्याने जागेवर आपली खूण सोडू नये, हा या संहितेचा गाभा.

एप्रिल १९९८ मध्ये 'स्मिथसोनियन' मासिकातील लेखामुळे हा छंद अमेरिकेत पसरला. मे २००० मध्ये तेथील सरकारने नागरी जीपीएसवरील अचूकतेचे बंधन उठवताच, ३ मे रोजी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर याने एक बादली दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि 'जिओकॅशिंग' सुरू झाले. दोन्हींत वही आहे, विश्वास आहे. फरक आहे तो वाचनाचा. आकडा बिंदू दाखवतो. संकेत मात्र सुळका, उतार, ओढा यांकडे मान वर करून पाहायला लावतो. वाङ्मय शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा फरक लहान वाटू नये. सारांश हाती ठेवला की विद्यार्थी मुक्कामी पोचतो; पण पठार त्याने पाहिलेले नसते.