हेरोदेसचे नाट्यगृह

अथेन्स नगरीत अ‍ॅक्रॉपोलिस टेकडीच्या नैर्ऋत्य उतारावर एक प्राचीन नाट्यगृह उभे आहे. त्याच्या पायथ्याच्या रस्त्याला डायोनिशियस या अथेन्सकराचे नाव आहे. संत पौलाचे भाषण ऐकून ज्याने विश्वास ठेवला, तोच हा डायोनिशियस. पौल येथे आला तेव्हा मात्र हे नाट्यगृह नव्हते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, इ. स. १६० ते १७४ च्या दरम्यान, हेरोदेस अ‍ॅटिकस नावाच्या धनिकाने ते बांधले. शुभवर्तमानातील हेरोद राजाशी त्याचा काही संबंध नाही.

हेरोदेस मूळचा मॅरेथॉनचा. त्याच्या पित्याला अथेन्समधील एका घरात अमाप गुप्तधन सापडले आणि सम्राट नर्व्हाने ते त्यालाच ठेवू दिले. पुत्र थोर वक्ता झाला, इ. स. १४३ मध्ये रोमचा कॉन्सल झाला, मार्कस ऑरेलियसचा गुरूही झाला.

प्रत्येक अथेन्सकराला दरवर्षी एक मिना द्यावा, असे पित्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. हेरोदेसने तडजोड करून एकदाच पाच मिना देण्याचे ठरवले. लोक पैसे घ्यायला गेले, तेव्हा त्यांच्या बापजाद्यांची जुनी कर्जखाती त्यांच्यापुढे वाचली गेली. कित्येकांच्या हाती काहीच पडले नाही. पुढे त्याने शहराला संगमरवरी क्रीडांगण बांधून दिले, तेव्हा लोक म्हणू लागले की, त्याला 'सर्व अथेन्सकरांचे' हे नाव शोभते, कारण ते सर्वांच्या पैशांतूनच उभे राहिले आहे!

नाट्यगृहाची कथा याहून दुःखद आहे. हेरोदेसची पत्नी रेगिला ही थोर रोमन घराण्यातील स्त्री. आठ महिन्यांची गर्भवती असताना, इ. स. १६० च्या सुमारास, ती मरण पावली. हेरोदेसच्या सांगण्यावरून अल्सिमेडॉन नावाच्या त्याच्या मुक्त दासाने तिला मारहाण केली, असा आरोप तिच्या भावाने रोममध्ये केला. हेरोदेस निर्दोष सुटला. त्याने घरातील सजावट काळी केली आणि पत्नीच्या स्मरणार्थ हे नाट्यगृह उभारले. त्याचे छत गंधतरूच्या मौल्यवान लाकडाचे होते. चरित्रकार फिलोस्ट्रेटस त्याला निरपराध मानतो. परंतु अल्सिमेडॉन पुढेही त्याच्याच पदरी राहिला, हेही तोच सांगतो.

इ. स. २६७ मध्ये हेरुली टोळ्यांनी शहर उद्ध्वस्त केले आणि ते छत नाहीसे झाले. तेव्हापासून नाट्यगृह आकाशाखाली उघडे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याची सुमारे पाच हजार आसने पेन्टेली संगमरवरात पुन्हा बसवण्यात आली; १९५७ मध्ये मारिया कॅलास तेथे गायली.

आपल्याकडेही सभागृहांच्या भिंतींवर देणगीदारांच्या पाट्या असतात. ती देणगी कोणाच्या हक्काच्या पैशांतून आली, हे पाटीवर नसते. शोक खरा होता की पश्चात्ताप की केवळ लोकापवादाचे भय, हेही दगड सांगत नाही. रेगिलाच्या बाजूने बोलायला तिचा भाऊ होता, म्हणून निदान तिची तक्रार इतिहासात उरली. ज्या गरिबांचे पाच मिना बुडाले, त्यांचे एकही नाव उरलेले नाही.

आणि तरीही हेरोदेस इ. स. १७७ च्या सुमारास वारला, तेव्हा अथेन्सच्या तरुणांनी मॅरेथॉनला जाऊन त्याचे शव खांद्यावर शहरात आणले व त्याच क्रीडांगणापाशी पुरले. फसवले गेलेल्यांच्या मुलाबाळांनी त्याच्यासाठी अश्रू ढाळले. त्यांनी क्षमा केली की ते विसरले, याचा निवाडा वाचकांनीच करावा.